लेहची बुखारी आणि दोन-तीन छोटे बदल

जानेवारीत लेहला होतो, बाहेर उणे १५ आणि होमस्टेच्या खोलीत पत्र्याची बुखारी, म्हणजे पत्र्याचं पिंप, वर धुराड्याचा पाईप, आत लाकूड नाहीतर शेण्या. पेटवली की दहा मिनिटांत घाम, विझली की अर्ध्या तासात परत कुडकुड, कारण पातळ पत्रा उष्णता धरूनच ठेवत नाही आणि निम्मी ऊब तर सरळ धुराड्यातून आभाळात जाते. मला यातला सगळ्यात महत्त्वाचा बदल वाटतो तो वरच्या हवेचा, म्हणजे खालून जाळीतून हवा येतेच, पण वरच्या बाजूला भोकं पाडून गरम झालेली हवा आत सोडली तर जो धूर नुसता वाया जातो तोच पेट घेतो, धूर म्हणजे न जळलेलं इंधनच की! आत एक आडवी पट्टी टाकली की ज्वाळा वळसा घेऊन जाते, आणि आतून फायरब्रिक, म्हणजे आच सोसणारी वीट, लावली की पत्राही टिकतो, ऊबही उशिरापर्यंत राहते. पाईपमधली झडप मात्र जपून, विस्तव असताना पूर्ण बंद केली तर कार्बन मोनॉक्साईड खोलीत साठतो, त्याला वास नसतो, झोपेत जीव जातो. झोपताना खिडकी थोडी उघडी ठेवाच प्लीज.