तुम्ही विचारलंत म्हणून : रविवारी वाचनालयात काय करता?

माझं शिवणकामाचं दुकान रविवारी बंद असतं आणि रविवारी मी गावच्या वाचनालयात सापडते. त्यामुळे ब्लाउज न्यायला येणाऱ्या बायकांपासून मुलीच्या सासऱ्यांपर्यंत सगळ्यांचा प्रश्न ठरलेला : "वाचनालयाला सरकारचं अनुदान आहे, पगारी ग्रंथपाल आहे, मग तुम्ही आठ-दहा जण तिथं फुकट काय करता?" एरवी मी हसून वेळ मारून नेते. तुम्ही चहा घेत निवांत विचारलंत, म्हणून सगळं सांगते.

आधी पाटीचं. पाटीवर 'शासनमान्य' लिहिलंय, ते लोक 'सरकारी' असं वाचतात. महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यानुसार गावोगावची वाचनालयं चालवतात तिथल्या नोंदणी केलेल्या संस्था. सरकार त्यांना मान्यता देतं, अ, ब, क, ड यातला वर्ग देतं आणि वर्गाप्रमाणे अनुदान. (आमच्या कोल्हापूर संस्थानानं असा कायदा त्याच्याही आधी, 1945 साली केला होता. आमच्याकडे हे कुणीतरी सांगितल्याशिवाय ग्रंथालयाचा एकही कार्यक्रम संपत नाही.) आमचा वर्ग क. बरीच वर्षं आम्हाला वर्षाला 96 हजार मिळायचे, तेही दोन हप्त्यांत. निम्मे पगाराला, उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल, सगळं. म्हणजे पगाराला महिन्याचे चार हजार, आणि त्यात ग्रंथपाल आणि शिपाई दोघे. लग्नसराईत मी एकटी त्याहून जास्त मिळवते. 2022 मध्ये अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं. तोच हिशोब आता तुम्ही करा.

तर आम्ही कसे जमलो. आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं, कृष्णेच्या काठचं. 2005 च्या पुरात वाचनालयात कमरेच्या वर पाणी चढलं. ओसरल्यावर दार उघडेना. आतून फुगलेली पुस्तकं दाराला रेटून बसली होती. अण्णा, म्हणजे आमचे ग्रंथपाल, रस्त्यावर येऊन एवढंच म्हणाले, "कोण रिकामं हाय का?" मी रिकामीच होते, मशीन चिखलात गेलं होतं. गॅरेजवाला होता, दोन कॉलेजची पोरं होती, निवृत्त गुरुजी होते, एक भाजीवाल्या मावशी होत्या. त्या मावशींना वाचता येत नव्हतं, पण ओली कोथिंबीर कशी पसरायची हे त्यांच्याइतकं कुणाला कळतंय?

भिजलेलं पुस्तक उन्हात टाकलं की वाळतं, पण पापडासारखं वाकडं होऊन बसतं. सावलीत, वाऱ्याला, उभं करून, पानं पंख्यासारखी मोकळी ठेवून वाळवावं लागतं. दर पंधरा-वीस पानांत कोरा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. छापील वर्तमानपत्र घातलं तर कधी कधी त्याची शाई उमटते, हे आम्ही चाळीसेक पुस्तकं बिघडवून शिकलो. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं तर विटेसारखी झाली होती, त्यांना काही इलाज नाही. कादंबऱ्या तरल्या. हलका कागद पाणी पितो आणि सोडतो.

वाळल्यावर बांधणी आली, आणि तिथं मी कामाला लागले. जुन्या पुस्तकाची पाठ उसवली की ते फर्म्याफर्म्यांनी, म्हणजे दुमडून शिवलेल्या पानांच्या जुड्यांनी, सुटतं. मेण लावलेला दोरा, दाभण, आणि मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात झुरळं आणि कसर मेजवानी करतात. हे मला मिरजेच्या एका बाइंडरनं शिकवलं, पैसे न घेता, पण तीनदा रागावून.

सहा महिन्यांचं काम होतं, ते संपलं, आणि आम्ही घरी जायचं विसरलो. रविवारची सवय लागली. नाव घेतलं नाही, पावतीपुस्तक नाही. गुरुजी म्हणाले, नाव घेतलं की अध्यक्ष लागतो. मग म्हाताऱ्या वाचकांना घरी पुस्तकं पोचवणं सुरू झालं, उन्हाळ्यात पोरांसाठी गोष्टी सुरू झाल्या. 2012 साली सरकारनं राज्यभरातल्या वाचनालयांची पडताळणी महसूल खात्याकडून करून घेतली, तेव्हा तर आमचा भाव वधारला. कारण आमच्या दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक घालून लिहितात त्या वहीत, पुरात गेलेली पुस्तकं सात वर्षं जिवंत होती! बाद करायची कुणाला सवडच झाली नव्हती. आम्ही नोंदवही घेऊन एकेक क्रमांक वाचायचो, समोरचा कपाटातून "हाय" किंवा "न्हाई" ओरडायचा. रात्री दोन-दोन वाजायचे.

इथपर्यंत गोष्ट छान आहे, आणि बहुतेकांना मी इथंच थांबवते. पुढचं तुम्हाला सांगते.

पडताळणीनंतर आम्हाला चढली. कुणी ना कुणी रोज संध्याकाळी पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलावर बसू लागलं. अण्णांना मदत, दुसरं काय. दोनेक वर्षांनी एका रविवारी खळ ढवळताना अण्णा म्हणाले, "ताई, तुमी बसता ते चांगलंच हाय. खरं कमिटीला वाटाय लागलंय, माणूस फुकट मिळतोय." कमिटी म्हणजे वाचनालय चालवणाऱ्या संस्थेची. त्या आठवड्यात तिच्या सभेत अण्णांनी संस्थेच्या पैशातून थोडी पगारवाढ मागितली होती. उत्तर मिळालं होतं की संध्याकाळचं काम आता मंडळीच बघतात, तुमचा भार हलकाच झालाय.

मला वाईट वाटलं, आणि रागही आला, आधी अण्णांचाच. आम्ही दुकानं बंद करून येतो आणि हा माणूस असं म्हणतो. घरी जाऊन विचार केला तेव्हा कळलं. माझ्या दुकानासमोर कुणी रोज दोन तास फुकट ब्लाउज शिवून देऊ लागलं, तर मी त्याला समाजसेवक म्हणीन का?

गुरुजींनी तेव्हा बडोद्याचं सांगितलं. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ आणले, हे सगळ्यांना ठाऊक. पण त्याआधीच त्यांच्या राज्यातल्या वसो गावचे शिक्षक मोतीभाई अमीन मित्रमंडळ करून गावोगाव वाचनालयं काढत होते. पुढे राज्यानं रीत घातली की गावानं रक्कम उभी केली, की तेवढीच प्रांत पंचायतीनं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या पंचायतीनं, आणि तेवढीच सरकारनं घालायची. गुरुजींचा मुद्दा असा, की लोकांनी हात लावला म्हणून तिथं दुसऱ्यांनी हात काढून घेतला नाही. आमच्याकडे आम्ही हात लावला आणि कमिटीनं अंग काढून घेतलं.

मग आम्ही एक नियम केला, आमच्यापुरता. देवघेव, नोंदवही, वर्गणी, यातल्या कशाला आम्ही शिवायचं नाही. ते पगाराचं काम आहे. आम्ही बांधणी करणार, घरपोच देणार, पुस्तकं मागून आणणार. अण्णा रजेवर असले तर वाचनालय बंद. पहिल्यांदा बंद राहिलं तेव्हा वाचकांनी कमिटीकडे तक्रार केली, आणि आमच्या दोघांनी चिडून येणंच सोडलं. "वाचकांना वेठीला धरता" म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. तीन महिन्यांनी कमिटीनं वर्गणी पाच रुपयांनी वाढवली आणि ते पैसे पगारात घातले. फार नाहीत. पण ठरावात लिहिलेले आहेत.

2019 ला पुन्हा पाणी आलं, 2005 पेक्षा वर. तेव्हा पुस्तकं हलवायला कुणी गेलं नाही, मीसुद्धा नाही. जनावरं, म्हातारी माणसं, नावा, हेच चाललं होतं. ओसरल्यावर परत कोरे कागद, परत पंखे. 2021 ला मात्र खालचे दोन कप्पे आधीच रिकामे करून ठेवले होते.

परवा काय झालं सांगते. एक बाई जयसिंगपूरहून आल्या, वडील वारले म्हणून घर आवरत होत्या. पिशवीतून एक कादंबरी काढली, आमचा शिक्का असलेली, 2005 च्या जूनमध्ये नेलेली. पुरात गेली म्हणून आम्ही ती 2012 ला बाद केली होती, आणि ती पूर आला तेव्हा कोरड्या माळ्यावर होती. त्यांनी दंड किती विचारला. अण्णांनी चष्मा वर करून हिशोब केल्यासारखं केलं आणि मान हलवली. बाद झालेला क्रमांक परत देता येत नाही, म्हणून त्यांनी नवा क्रमांक घातला आणि 'कोठून मिळाले' या रकान्यात 'देणगी' लिहिलं. मी नोंदवहीला हात लावला नाही. पाठ थोडी उसवली होती, तेवढी शिवून दिली.