‘गोड काही देऊ नकोस’

बाई शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, आमच्या वाचनालयाच्या जुन्या सभासद. एका सोमवारी देवघेवीच्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, “अगं, व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं काहीतरी दे. पण चहापार्ट्या, नाच आणि शेवटी लग्न, असलं गोड काही देऊ नकोस. जन्मभर तेच शिकवलं.”

मी फारसा विचार न करता इयन मॅग्वायरची ‘द नॉर्थ वॉटर’ काढून दिली. कादंबरी २०१६ची, गोष्ट १८५९ची. इंग्लंडमधल्या हल बंदरातून एक जहाज देवमाशांच्या शिकारीला उत्तरेच्या बर्फात निघतं. गॅस आणि रॉकेलपुढे देवमाशाच्या तेलाचा धंदा बसत चाललाय, त्यामुळे मालकाच्या डोक्यात वेगळंच शिजतंय. जहाजावरचा डॉक्टर सम्नर १८५७च्या दिल्लीच्या वेढ्यात इंग्रजी फौजेबरोबर होता. तिथून नाव घालवून आलाय, अफूच्या अर्काशिवाय त्याचं चालत नाही. आणि हार्पून, म्हणजे देवमाशावर फेकायचा भाला, चालवणारा ड्रॅक्स. हा माणूस काय चीज आहे, ते पहिल्याच प्रकरणात कळतं.

बाई गेल्या आणि मला घाम फुटला. त्या पुस्तकाला पानोपानी रक्ताचा, चरबीचा वास येतो. जहाजावरच्या पोऱ्याचं जे होतं, तिथे मी स्वतः पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं. सगळ्यांना द्यावं असं ते पुस्तक नाहीच. बाईंचं वय पंच्याहत्तर. फोन करावा म्हणून त्यांचं कार्ड शोधलं आणि धीर न होऊन परत ठेवलं.

गुरुवारी कुलूप काढायला गेले, तर बाई पायरीवर हजर. आत आल्या आल्या पुस्तक टेबलावर आपटलं.

“रात्री दोनपर्यंत जागवलंस मला!”

“बाई, चुकलंच माझं, मी आधी...”

“थांब. मी नेहमी शेवटचं पान आधी वाचते. इथे ते वाचूनही काडीचा पत्ता लागेना, म्हणून अख्खं वाचावं लागलं.” मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, “देवमाशाच्या जबड्यातल्या त्या लवचीक पट्ट्या कशाला जायच्या, ठाऊक आहे? बायकांच्या कंबर आवळणाऱ्या कॉर्सेटमध्ये. आणि मी पस्तीस वर्षं वर्गात त्या नायिकांच्या बारीक कंबरांची वर्णनं वाचून दाखवली गं.”

जमा करून घ्यायला मी पुस्तक ओढलं. बाईंनी त्यावर हात ठेवला.

“आठ दिवस वाढवून दे. ते अस्वलाचं पिल्लू पकडतात ना, तिथून पुन्हा वाचायचंय.”