तांब्याच्या पत्र्यावरचं पशुधन

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधल्या अभ्यासिकेत आधी वेळ घेऊन जावं लागतं. मी मागितली होती डच चित्रकार पाउलुस पॉटरची १६५० सालची गाईबैलांची छापचित्रं. आठ चित्रांचा संच, एकेक चित्र तळहाताहून थोडंच मोठं. भिंगातून पाहिलं तर कपाळावरचे कुरळे केस, कंबरेशी वर आलेली हाडं, पोटाखालची सैल कातडी, सगळं बारीक ओरखड्यांत उतरलेलं. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, मग आम्ल त्या रेघा खात जाणार. अंगावरचा केस कुठे कसा वळतो, हे जनावराजवळ तासन्‌तास बसल्याशिवाय कळत नाही. हेगच्या मॉरिट्सहाउस संग्रहालयात पॉटरच्या १६४७च्या वळूच्या भल्यामोठ्या तैलचित्रापुढे गर्दी असते. मला मात्र हे छोटे कागदच जास्त भावले.

दुसऱ्या दिवशी बसने बेमस्टरला गेले. हे मूळचं तळं. व्यापाऱ्यांनी पैसा घातला, पवनचक्क्यांनी पाणी उपसलं आणि १६१२ साली सुमारे ७,००० हेक्टर जमीन मोकळी झाली. आजही सरळ कालवे आणि चौकोनी कुरणं तशीच आहेत. हॉलंडची बरीचशी जमीन दलदलीची. धान्याला ओल सोसत नाही, गवताला मानवते. बाल्टिक समुद्राकडून जहाजं भरून राय नावाचं धान्य यायचं, म्हणून इथल्या शेतकऱ्याला निर्धास्तपणे दुभती जनावरं पाळता आली आणि लोणी, चीज बाजारात नेता आलं. डेन्मार्कहून हडकुळे बैल आणायचे, इथल्या गवतावर पोसून विकायचे, हाही मोठा धंदा. पॉटर जन्मला त्या एंकहाउझेनमध्ये अशा बैलांचा बाजारच भरायचा. त्याच्या चित्रांतली प्रत्येक बरगडी मी आता गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहते.

ही नजर त्याच्याही आधीची आहे. डच चित्रकार लुकास फान लेडनच्या १५१०च्या छापचित्रात गडी आहे, बादली घेतलेली गवळण आहे, पण मधली जागा गाईची, चांगली आडवी, धष्टपुष्ट. एका पत्र्यावरून पुष्कळ प्रती निघत. त्यामुळे तैलचित्र न परवडणाऱ्याच्या घरातही अशी गाय पोचायची.

रेम्ब्रांटने १६४३ साली डुक्कर कोरलं, पाय बांधून आडवं पाडलेलं. मागे माणसं, पोरं. हिवाळ्यात चारा महाग, म्हणून त्याआधीच जनावर कापून मांस खारवून ठेवत. ॲमस्टरडॅममधल्या रेम्ब्रांटच्या घरात गेलात तर या चित्राची चौकशी जरूर करा. उजेडाने कागद खराब होतो, त्यामुळे तिथे चित्रं आलटूनपालटून मांडतात.