बसा, काकू

मी पाळक. आमची ख्रिस्ती मंडळी नगर जिल्ह्यातली, खेड्यातली. उपासना साडेनऊला सुरू होते आणि अकराच्या आत आशीर्वचन व्हावंच लागतं, कारण दोन पंचांची एसटी असते. तरुण संघाला 'मोकळी आराधना' हवी म्हणून मी त्यातली वीस मिनिटं काढून दिली. मोकळी म्हणजे टाळ्यांची तीन कोरसं, मग एक संथ. कीबोर्डवाला सूर धरून ठेवतो आणि दर रविवारी नेमक्या त्याच ओळीला सगळ्यांचे हात वर जातात. छापील उपासनाक्रम तरी कधी चुकतो. असो.

त्या रविवारी उपदेश निम्म्यावर आला असताना मागच्या बाकावरच्या काकू उठल्या. पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि बोलू लागल्या. आवाज चढत गेला, शब्द एक कळेना. मला वाटलं, अन्य भाषा, म्हणजे आत्म्याच्या भरात बोलतात ती, कुणाला न कळणारी. पंच माझ्याकडे बघू लागले. 'सर्व काही शिस्तवार' हे बायबलातल्या पौलाच्या पत्रातलं, चौदाव्या अध्यायाचं चाळिसावं वचन त्यांना तोंडपाठ. त्याआधीची एकोणचाळीस वाचलीत की नाही, देव जाणे. मी माइकवरूनच म्हणालो, "काकू, अर्थ सांगणारं कुणी नसेल तर मंडळीत गप्प राहावं, असं पौलाने लिहिलंय. बसा."

काकू बसल्या. पदर मात्र डोक्यावरच राहिला.

दारात सलाम करताना त्यांची सून हळूच म्हणाली, "पाळकसाहेब, अन्य भाषा कुठली? मराठीच बोलत व्हत्या. दात न्हाईत ना. हिरीला पाणी लागलं, त्याचे आभार मानत व्हत्या."

घरी येऊन करिंथकरांस पहिल्या पत्राचा १४वा अध्याय उघडला. मी वापरलं ते २८वं वचन. दोनच वचनं खाली, ३०व्यात, बसलेल्या कुणाला काही प्रकट झालं तर आधी बोलणाऱ्याने गप्प राहावं, असं आहे. आधी बोलणारा मी होतो. विहिरीच्या पाण्याचे आभार म्हणजे काही प्रकटीकरण नव्हे, असं मी दोन दिवस स्वतःला समजावलं. पण मला तेव्हा ते विहिरीचं आहे हे कुठं माहीत होतं?

केडगावच्या मुक्ती मिशन या आश्रमाची गोष्ट मी संजीवन सभांतून कितीदा सांगितली आहे. जून १९०५, पंडिता रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर बोलत होत्या, मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि रमाबाईंना आपलं बोलणं थांबवावं लागलं.

पुढच्या रविवारी साक्षीसाठी पाच मिनिटं मुद्दाम ठेवली. काकू आल्या होत्या. "कुणाला आभार मानायचेत?" मी दोनदा विचारलं, त्यांच्याकडे बघून. त्या गीताचं पान शोधत राहिल्या. ती पाच मिनिटं कीबोर्डवाल्याने भरून काढली.