प्रमोशनचं सर्क्युलर

गुरुवार, रात्री उशिरा

बँकेतल्या ऑफिसरच्या पहिल्या पायरीवरून दुसरीवर, म्हणजे स्केल वनमधून स्केल टूच्या बढतीचं सर्क्युलर आज आलं. शाखेत त्यासाठी पात्र असलेली एकच व्यक्ती आहे, कर्जाचं टेबल सांभाळणारी आमची तरुण ऑफिसर. दुपारी गर्दी ओसरल्यावर तिला केबिनमध्ये बोलावलं. तिने कागद पुरता वाचलाही नाही. म्हणाली, "मॅडम, मी यंदाही प्रमोशनला बसत नाहीये. घरी बोलणं झालंय आमचं."

गेल्या वर्षी बाळ तान्हं होतं म्हणून ती बसली नव्हती. आता ते सासूबाईंजवळ राहतं. नवरा छत्रपती संभाजीनगरला नोकरीला आहे आणि ही रोज तिथून जालना जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी अपडाऊन करते. स्केल टू झाली की बदली आलीच, आणि ती कुठे होईल हे आधी कुणीच सांगू शकत नाही.

मला फार वाईट वाटलं. ही मुलगी सातबारा हातात आला की कुठला बोजा उतरवायचा राहिलाय, कुठला फेरफार झालेला नाही, ते लगेच सांगते. कापसाचं पीक कर्ज आणि मोसंबीच्या बागेचं कर्ज एकाच मापाने मोजायचं नसतं, बाग हाताशी यायला चार-पाच वर्षं जातात, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. शेतकऱ्यांना विचारून विचारून ती शिकली. वसुलीला गेलो की ओसरीवर बसलेल्या पुरुषांशी मी बोलते आणि ती आतल्या बाईशी. तूर विकली का, पैसे कुणाच्या औषधाला गेले, पोरीचं लग्न कधी आहे, खरी माहिती तिलाच मिळते. अशी माणसं वर जायला हवीत. ती खाली राहिली तर नुकसान तिचं आहेच, पण बँकेचंही आहे, आणि या गावाचंही.

मी इथे आले तेव्हा लोक केबिनच्या दारात उभे राहून मलाच विचारायचे, "सायेब कुठं हायेत?" मी मॅनेजर आहे असं सांगितलं तरी कामाचं बोलताना नजर शेजारच्या शिपायाकडे. मी त्यावर कधी चिडले नाही. प्रश्न त्याला विचारला तरी उत्तर मीच द्यायचे, आणि नीट द्यायचे. बघता बघता नजर इकडे वळली. बचत गटाच्या बायकांना मात्र हा प्रश्न कधी पडलाच नाही, त्या पहिल्यापासून थेट आत आल्या. नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, 1992 साली पाचशे गट बँकांशी जोडायचं ठरवलं, तिथून सुरू झालेली ही चळवळ आज आमच्यासारख्या शाखेत सगळ्यात भरवशाची खाती घेऊन येते. परवा एक ताई खुर्ची अगदी जवळ ओढून हळूच म्हणाली, "मॅडम, खात्यावर मालकाचं नाव नाही लावलं तर चालतं का?" चालतं, म्हटलं. हा प्रश्न तिने किती वर्षं मनात ठेवला असेल! समोर बाई बसलेली असणं कशासाठी हवं, असं मला कुणी विचारलं तर मी या ताईचं नाव न घेता तिचा प्रश्न सांगेन.

तशी बायकांनी वर यावं असं सगळेच म्हणतात. ऑक्टोबर 2013 मध्ये अरुंधती भट्टाचार्य स्टेट बँकेच्या अध्यक्ष झाल्या. 1806 सालच्या बँक ऑफ कलकत्त्यापर्यंत मुळं जाणाऱ्या बँकेत ती खुर्ची पहिल्यांदा एका बाईला मिळाली, आणि त्या 1977 साली प्रोबेशनरी ऑफिसर म्हणूनच लागल्या होत्या. पुढच्याच महिन्यात भारतीय महिला बँक सुरू झाली. त्या दिवसांत आम्ही मैत्रिणी डबा खाताना दुसरं काही बोलतच नव्हतो. महिला बँक एप्रिल 2017 मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली. मला त्याची हळहळ वाटली, पण वेगळी बँक हे उत्तर आहे असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. आठ माणसांच्या साध्या शाखेत बाईला सुखाने काम करता येतं का, माझा जीव तिथे अडकतो.

नियम आहेत. 2014 साली केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाने सरकारी बँकांना कळवलं, की विवाहित बाईला शक्यतो नवरा असतो त्या गावी किंवा जवळपास आणि अविवाहित मुलीला आईवडिलांजवळ नेमणूक द्यावी. चांगलं पत्र आहे, त्याने अनेकींच्या नोकऱ्या वाचल्या. पण बढती घेतलेल्या बाईने जवळची शाखा मागितली की, "मग प्रमोशन कशाला घेतलंत?" असं तोंडावर विचारतात. म्हणजे आहे त्या पायरीवर थांबणारीला आधार मिळतो आणि चढणारीचा काढून घेतला जातो. पाळणाघराचंही तसंच. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं असं ठरलं. तालुक्याच्या शाखेत पन्नास माणसं कुठून येणार? ज्या बाईला पाळणाघराची सगळ्यात जास्त गरज, तिच्या दारापर्यंत ते पोचतच नाही.

आणि बढती म्हणजे काय असतं हे मी तिच्यापासून लपवणार नाही. माझी मुलगी सातवीत असताना मी घराबाहेर पडले. तिचे बाबा पुण्यात तिचा डबा, अभ्यास, ताप, पालकसभा सगळं बघतात. त्यांचं सगळे कौतुक करतात, करायलाच हवं. मला मात्र लग्नाकार्यात कुणी ना कुणी विचारतंच, "मुलीला सोडून कशी राहतेस गं?" दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी 2015 पासून मिळते म्हणून महिन्यातून दोनदा तरी घर गाठता येतं, बाकीचे शनिवार शाखेतच. शिवाय चाव्या. स्ट्राँग रूमची एक चावी माझ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे, दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. रजा मंजूर असली तरी चावी रजिस्टरवर सही करून दुसऱ्याच्या हाती दिल्याशिवाय गाव सोडता येत नाही. अंगात ताप असला तरी सकाळी आधी बँकेत यायचं, चावी सोपवायची आणि मग अंथरूण धरायचं. मुलीच्या दहावीच्या पहिल्या पेपरला मी याच कारणाने पोचू शकले नाही. तिने मला कधी बोलून दाखवलेलं नाही.

शरीराबद्दल तर आम्ही बोलतच नाही, म्हणून इथे लिहिते. माझी पाळी जायला आली आहे. कधी दोन-दोन महिने येत नाही, आली की थांबत नाही. मध्यंतरी इन्स्पेक्शन चालू असताना मी दिवसभर खुर्चीतून उठायला घाबरत होते, कारण शाखेत टॉयलेट एकच आहे, पुरुषांच्या टेबलांमधून वाट आहे आणि कडी नीट लागत नाही. त्याच भीतीने शाखेतल्या आम्ही तिघी पाणी कमी पितो. लघवीच्या जागेचा संसर्ग तिघींनाही होऊन गेलाय, हे गोळीचं पाकीट एकमेकींना देताना कळलं. हिमोग्लोबिन तपासल्यावर डॉक्टरीणबाई मला रागावल्या, "मॅडम, बँकेचा ताळेबंद बघता, स्वतःचा कोण बघणार?" लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, रक्तस्रावावरचे उपचारही. दम लागणं कमी झालंय. इतके दिवस मला वाटत होतं वयाचं आहे, कामाचं आहे. तसं नव्हतं, त्याला औषध होतं. माझ्या वयाच्या प्रत्येक मैत्रिणीला मी हे आता फोन करून सांगते.

आज तिला हे सगळं सांगितलं. लपवून ठेवलं असतं आणि ती माझ्या शब्दाखातर बसली असती, तर ते मला आवडलं नसतं. मी एवढंच म्हटलं, "अगं, तू नको म्हणालीस तरी माझा तुझ्याबद्दलचा आदर तसूभरही कमी होणार नाही. पण नको म्हणायचं ते सगळं मांडून, हिशेब करून म्हण. बाळ आज दोन वर्षांचं आहे, कायम दोन वर्षांचं राहणार नाही. आणि घरी बोलणं झालं म्हणतेस, त्यात तू किती बोललीस?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "मी फारसं नाही बोलले, मॅडम. सगळ्यांचं ऐकून घेतलं." डोळे भरून आले होते तिचे. मी चहा मागवला. नवऱ्याला एक दिवस शाखेत घेऊन ये, असंही म्हटलं. बायको काय काम करते हे त्याने एकदा बघावं, तूर विकून आलेले शेतकरी रांगेत उभे राहून तिचंच नाव कसं विचारतात ते ऐकावं. घरच्यांना वाईट ठरवून काही होत नाही, त्यांनी तिला फक्त दमून परत येतानाच बघितलंय.

सर्क्युलर ती घरी घेऊन गेली. सोमवारी शेवटची तारीख आहे. ती काय ठरवेल याचा अंदाज मला नाही आणि मी आता त्यावर पुन्हा बोलणार नाही.

माझ्या हातात आहे ते मला करायचंय. उद्या सकाळी जागेच्या मालकाला बोलावलंय. मागच्या बोळातून बायकांसाठी वेगळं टॉयलेट बांधता येतं, मी पावलांनी मोजून बघितलंय. भाडेकराराचं नूतनीकरण याच वर्षी आहे, ती अट त्यात घालायची. दुसरं, रिव्ह्यू मीटिंग. झोनल ऑफिस संध्याकाळी सातला व्हिडिओवर सगळ्या शाखांची थकबाकी विचारतं, ते संपेपर्यंत अपडाऊन करणाऱ्यांची शेवटची गाडी निघून जाते. साडेचारला घ्या म्हणून पत्राचा मसुदा केलाय. झोनमधल्या बाकीच्या महिला मॅनेजर सही करायला तयार आहेत, आणि दोन पुरुष मॅनेजरनीही आपणहून फोन करून आमचीही सही घ्या म्हटलं. सहा महिन्यांची आकडेवारी सोबत जोडणार आहे, साडेचारला आमचे आकडे तयार असतात हे त्यातून दिसेल. आणि पुढच्या आठवड्यात मी दोन दिवस पुण्याला तपासणीला जातेय, तेव्हा शाखेचा चार्ज आणि चावी तिच्याकडे. ऑर्डर मी टाईप करून ठेवली आहे.