वाचनालयातल्या संगणकांसाठी ऑटो-लॉक : काम कुठवर आलंय

वाचनालयातल्या चारही संगणकांवर प्रोग्रॅम चढवलाय आणि रोजच्या वापरात तो टिकतोय. कोणी उठून गेलं आणि पाच मिनिटं कशाला हात लागला नाही की पडद्यावर सूचना येते. ६० सेकंदांत कोणी कळ दाबली नाही तर लॉगआउट होतं आणि होम फोल्डर, म्हणजे वापरणाऱ्याच्या फायली जिथे राहतात ते, पुसलं जातं. मशीन जुनी आहेत, ४ जीबी रॅमची. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्यांच्यावर चालणार नव्हतं, म्हणून डेबियन १३ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आणि लॉगइनच्या पडद्यासाठी लाइटडीएम.

लॉक म्हणतोय खरं, पण पडद्याला नुसता पासवर्ड लावून इथे भागत नाही. ऑफिसात ज्याने लॉक केलं तोच परत येतो, वाचनालयात त्या खुर्चीवर दुसराच कोणी येऊन बसतो. आधीच्या माणसाचं जीमेल, महाडीबीटीचा अर्धा भरलेला अर्ज, व्हॉट्सॲप वेब, सगळं आत तसंच चालू राहतं आणि पुढच्याला संगणकही मिळत नाही. म्हणून सरळ सेशनच, म्हणजे त्या माणसाचं लॉगइन आणि त्यात उघडलेलं सगळं, संपवायचं. होम फोल्डर टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्ये ठेवलंय, मर्यादा ५१२ एमबी. वीज गेली तरी मागे काही उरत नाही, आणि आमच्याकडे वीज जातेच. एक गोष्ट ध्यानात ठेवा: लॉगआउटनंतरही त्या युजरच्या मागे चालू राहिलेल्या प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) मारणारी लॉगइन-डीची, म्हणजे लॉगइन सांभाळणाऱ्या सेवेची, सेटिंग डेबियनवर मुळात बंद असते. ती चालू केलीच पाहिजे.

दुसरं कारण सुरक्षेचं. एक्स११ मध्ये, म्हणजे लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या, माऊस आणि कळा सांभाळणाऱ्या व्यवस्थेत, लॉक स्क्रीन ही शेवटी एक साधी खिडकीच असते. ती चालवणारा प्रोग्रॅम कोसळला की मागचा डेस्कटॉप उघडा. जानेवारी २०२१ मध्ये लिनक्स मिंट या दुसऱ्या लिनक्स सिस्टिममध्ये हेच घडलं होतं. एका गृहस्थांच्या मुलांनी खऱ्या आणि पडद्यावरच्या अशा दोन्ही कीबोर्डांवर वाट्टेल त्या कळा बडवल्या, पडद्यावरचा कीबोर्ड कोसळला आणि त्याच्याबरोबर मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपचा पडदा लॉक करणारा स्क्रीनसेव्हरही गेला. आमच्याकडे शाळा सुटल्यावर येणारी मुलं बघता मला हा धोका अगदी खरा वाटतो. सेशनच उरलं नाही तर फोडायला काही राहत नाही. पहारा देणारा प्रोग्रॅम मात्र मरता कामा नये, म्हणून तो सिस्टिम-डीची (लिनक्समधल्या सेवा चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅमची) सेवा म्हणून रूटखाली, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याखाली, चालतो आणि पडला तर आपोआप परत उठतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ‘संगणक रिकामा आहे’ हे ओळखण्याने. एक्स११ च्या स्क्रीनसेव्हर एक्स्टेन्शनला (जोड भागाला) विचारलं की शेवटच्या हालचालीला किती मिलिसेकंद झाले ते कळतं. तीन मशीनवर तेवढं पुरलं. खिडकीजवळचं चौथं काही केल्या लॉक होईना. शेजारी बसून पाहिलं तर कोणी हात न लावता बाण जागच्या जागी थरथरत होता. गुळगुळीत सनमायका, त्यावर ऑप्टिकल माऊस, डोक्यावर फुल स्पीडने पंखा. एक-दोन पिक्सेल सरकलं की मोजणी परत शून्यावर. यावर तोडगा जुनाच आहे: जेमी झविन्स्की यांचा एक्सस्क्रीनसेव्हर हा पडदा लॉक करणारा प्रोग्रॅम, जो १९९२ पासून चालत आलाय, एका सेकंदात १० पिक्सेलपेक्षा कमी झालेली हालचाल धरतच नाही. मीही एक्सइनपुट २ या एक्स११ च्या भागाकडून माऊस-कीबोर्डच्या हालचालींच्या कच्च्या नोंदी (इव्हेंट) ऐकून तसंच केलं. कळ, क्लिक आणि स्क्रोल लगेच धरतो, नुसती थरथर सोडून देतो.

इथे एक आग्रहाने सांगतो. रूटखाली चालणारा आणि कळा ऐकणारा प्रोग्रॅम म्हणजे कीलॉगर, दाबलेली प्रत्येक कळ चोरून टिपणारा प्रोग्रॅम, व्हायला एकच ओळ बाकी असते. माझा कोड ‘कळ दाबली गेली’ एवढंच पाहतो, कोणती ते वाचतही नाही. असलं काही लिहीत असाल तर ही रेघ पहिल्या दिवसापासून पाळा, आणि कोड दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या.

मग वाचणाऱ्यांचा प्रश्न आला. एक आजोबा ई-पेपरचं पान उघडून शांतपणे वाचत बसतात, माऊसला हात म्हणून लावत नाहीत. सूचना आली तशी त्यांनी मला हाक मारली, “अरे बाळा, मी इथेच बसलोय की, हे बंद का करतंय?” आता पीडीएफ उघडणारा प्रोग्रॅम समोर असेल तर मुदत १२ मिनिटं. व्हिडिओ चालू असताना फायरफॉक्स स्वतःच डी-बसवरून (प्रोग्रॅमनी एकमेकांना निरोप द्यायच्या सोयीतून) ‘पडदा बंद करू नका’ असं कळवतं, त्यालाही मान दिलाय, पण २० मिनिटांपुरताच. नाहीतर स्पर्धा परीक्षेचं लेक्चर लावून पोरं चहाला जातात आणि ऑटोप्ले संध्याकाळपर्यंत एकटाच शिकवत बसतो.

सूचनेची खिडकी आधी टीके-इंटरमध्ये, म्हणजे पायथनबरोबर येणाऱ्या खिडक्या बनवायच्या साधनात, होती. लिनक्सवर तिथे देवनागरीची जुळणी होत नाही: ‘मिनिट’मधली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन पडते, जोडाक्षरं सुटी होतात. जीटीके या तशाच दुसऱ्या साधनावर गेलो, तिथे अक्षरं जुळवणाऱ्या पँगो आणि हार्फबझ या लायब्रऱ्या हे नीट सांभाळतात. मजकूर ग्रंथपाल मॅडमना दाखवला, तर त्या म्हणाल्या, “पेनड्राइव्हचं लिही ना रे, मुलं हॉल तिकीट डाउनलोड करतात आणि तसंच टाकून जातात.” आता तिथे असं आहे: “तुम्ही इथे आहात का? कोणतीही कळ दाबा. नाहीतर ६० सेकंदांत तुमचं काम बंद होईल आणि फायली पुसल्या जातील. हव्या असतील तर आत्ताच पेनड्राइव्हवर घ्या.”

सध्या प्रिंटरच्या मागे लागलोय. सेशन संपलं तरी कप्सच्या (लिनक्सवर छपाई सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) रांगेत प्रिंट अडकलेली असू शकते, आणि कागद भरला की कोणाचं तरी आधार कार्ड दुसऱ्याच्याच समोर छापून बाहेर पडतं. शिवाय छापून झालेल्या फायलीही कप्स मुळात एक दिवस जपून ठेवतं. ते जपणं बंद केलंय. लॉगआउट होताना त्या संगणकाचे अडकलेले जॉब (छपाईची कामं) रद्द करणारी स्क्रिप्ट तयार आहे, पण चारही संगणकांचा युजर एकाच नावाचा असल्याने कोणता जॉब कुठून आला ते होस्टनेमवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या संगणकाच्या नावावरून, ओळखावं लागतंय. त्याची चाचणी चालू आहे.