तुम्ही विचारलंत म्हणून : कोक्यू-टेन कोणतं घ्यायचं?

साठीकडे झुकलेले, त्यातही कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेणारे, हमखास विचारतात : कोक्यू-टेनमध्ये (कोएन्झाइम क्यू-१०, म्हणजे पेशींना ऊर्जा तयार करायला मदत करणारा, कॅप्सूलमधूनही मिळणारा पदार्थ) युबिक्विनोन आणि युबिक्विनॉल असे दोन प्रकार मिळतात. दुसरं बरंच महाग आहे, मग तेच घ्यावं का?

दोन्हींत फरक आहे तो दोन हायड्रोजन अणूंचा. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, ऊर्जा तयार होताना हा रेणू इलेक्ट्रॉन घेतो नि पुढे देतो, म्हणजे सतत एका रूपातून दुसऱ्या रूपात जात असतो. रक्तात ९० टक्क्यांहून जास्त युबिक्विनॉलच सापडतं. जाहिरातवाले नेमकं तेवढंच सांगतात. पण युबिक्विनोन गिळलं तरी शरीर त्याचं युबिक्विनॉल करून घेतं, आणि तेही फुकट.

घोडं पेंड खातं ते त्याआधी, आतड्यात. हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही आणि त्याचे स्फटिक वितळतात साधारण ४८ अंशांना. आपलं शरीर ३७ अंशांवर. म्हणजे पोटात स्फटिक गेला तर तो स्फटिकच राहतो, आणि स्फटिक आतड्याच्या भिंतीतून पार होत नाही. कोरड्या पावडरीची कॅप्सूल उघडून पाण्यात टाकून बघा : पिवळी भुकटी वर तरंगत राहते. तेलातली सॉफ्टजेल (मऊ कॅप्सूल) त्यापेक्षा बरी, पण तिथेही गोम आहे. गरम तेलात विरघळवलेला माल थंड झाल्यावर, थंडीत तूप रवाळ होतं तसा, पुन्हा कण धरू शकतो. एक कॅप्सूल कापून आतलं तेल बोटांत चोळा. कण लागले, तर लेबलवरच्या १०० मिलिग्रॅमवर फार विसंबू नका.

युबिक्विनॉलचं दुखणं वेगळं. ते दुधी रंगाचं असतं आणि हवा लागली की पिवळं-नारिंगी होतं. कापल्या कापल्या आत नारिंगी दिसलं, तर पैसे युबिक्विनॉलचे गेले आणि हातात युबिक्विनोन आलं.

म्हणून आमचं मत : तेलात नीट विरघळलेलं युबिक्विनोन. हार्ट फेल्युअरच्या ४२० रुग्णांवर दोन वर्षं चाललेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तेच होतं, १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, नेहमीच्या औषधांच्या जोडीला. त्या रुग्णांना फायदा दिसला. धडधाकट माणसाचं म्हातारपण याने लांबणीवर पडतं, असा पुरावा मात्र नाही. स्टॅटिनने रक्तातलं कोक्यू-टेन कमी होतं हे खरं, पण गोळीने स्नायूंचं दुखणं थांबतंच असं नाही. चाचण्यांचे निकाल उलटसुलट आहेत. दुखतंय म्हणून स्टॅटिन परस्पर बंद करू नका.

घ्यायचंच तर १०० मिलिग्रॅम, वरण-भातावर तूप असलेल्या जेवणासोबत. नुसत्या चहाबरोबर घेतलं तर बरंचसं वाया जातं. २०० हवं असेल तर दोन जेवणांत विभागा, एकदम नको. रात्री उशिरा घेतल्यास काहींची झोप उडते. रक्तातली पातळी स्थिरावायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे चौथ्या दिवशी तरतरी आली तर श्रेय दुसऱ्या कशाला तरी द्या.

वॉर्फरिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कोक्यू-टेनची घडण व्हिटॅमिन के सारखी आहे. वॉर्फरिनचा परिणाम उतरू शकतो, मग आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) पुन्हा तपासावा लागतो.